कॅम्पर घेऊन सेवेला निघताय? मग आधी यजमानाला फोन करा

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ऑफिसात हेडफोन लावता येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे बघा' आणि 'अ‍ॅक्च्युअली' यांतले निम्मे मी गाळलेत, उरलेले चालवून घ्या.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून आला. पुण्यातल्या एका चर्चमधला आठ जणांचा तरुण ग्रुप आहे. नाताळ झाला की भाड्याच्या दोन कॅम्पर व्हॅन घेऊन सहा दिवस सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फिरायचा त्यांचा बेत आहे. तीन दिवस भटकंती, तीन दिवस सेवा. त्यांनी लिहिलंय, "गाड्या आहेत, माणसं आहेत, थोडे पैसेही जमलेत. काम कोणतं करावं ते सुचवा."

मी सांगलीकडचा. नोकरीला पुण्यात असलो तरी महिन्यातून एकदा हा रस्ता होतोच. त्यामुळे पहिला मोह झाला की लगेच दहा जागांची यादी द्यावी. पण प्रश्न पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं की तो उलटा विचारलाय. गाडी ठरली, तारीख ठरली, माणसं ठरली, फक्त काम ठरायचं राहिलंय. आमच्या धंद्यात याला 'सोल्युशन आहे, आता प्रॉब्लेम शोधा' म्हणतात. असली प्रोजेक्ट्स कशी संपतात ते आयटीवाल्यांना सांगायला नको.

तरी कल्पना वाईट नाही. जगात ती बऱ्यापैकी यशस्वी झालेली आहे. ती कुठे चालते, का चालते आणि सातारा-सांगलीत चालवायची तर काय बदलावं लागेल, ते आज बघू.

अमेरिकेतले निवृत्त सुतार

आरव्ही म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली गाडी. आपल्याकडे सरकारी कागदावर तिला 'मोटर कॅरॅव्हॅन' म्हणतात, बोलताना आपण सगळे कॅम्पर म्हणतो. अमेरिकेत निवृत्तीनंतर अशी गाडी घेऊन महिनोन्‌महिने फिरणारी हजारो जोडपी आहेत. त्यातल्याच काही चर्चला जाणाऱ्या मंडळींनी फिरण्याला सेवेची जोड दिली. युनायटेड मेथडिस्ट चर्चशी जोडलेली 'नोमॅड्स' ही त्यातली एक जुनी संस्था, १९८८ पासूनची.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. एखादं बालगृह, एखादं जुनं चर्च किंवा वादळात पडझड झालेली वस्ती आधी अर्ज करते की आमचं अमुक काम आहे. संस्था ते तपासते आणि यादीत टाकते. सभासद आपापल्या आरव्ही घेऊन तिथे जातात आणि साधारण तीन आठवडे राहतात. आठवड्यातले चार दिवस, रोज सहा तास काम. बाकीचा वेळ त्यांचा. गाडी लावायला जागा, वीज, पाणी आणि सांडपाण्याची सोय यजमानाने करायची. रंग, लाकूड, वायर हा मालही बहुधा यजमानाचाच. पाहुणे आणतात हात आणि कसब.

यात तीन गोष्टी आहेत. पहिली, काम यजमान ठरवतो. दुसरी, येणारा माणूस तीन आठवडे थांबतो, म्हणजे पहिले दोन दिवस 'हातोडी कुठे ठेवलीय' यात गेले तरी बिघडत नाही. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, आरव्हीमुळे पाहुण्यांच्या राहण्याचा भार यजमानावर पडत नाही. वीस स्वयंसेवक आले आणि त्यांच्या गाद्यांची, चहाची, आंघोळीची सोय बघण्यातच संस्थेची माणसं गुंतली, तर मदत कोण कोणाला करतंय? आरव्हीचा खरा उपयोग हा आहे. ऐटीत फिरायला मिळतं हा वरचा फायदा.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही

आता कोणी म्हणेल, हे सगळं तिकडचं. पण आषाढात लोणंदला जाऊन उभे राहा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. मग लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पुढे सोलापूर जिल्ह्यात जाते. पालखीच्या मागेपुढे दिंड्यांचे ट्रक असतात. ट्रकात तंबू, भांडी, शिधा, गॅस, आजारी माणसाला आडवं व्हायला जागा. चाकांवरचं घर आणखी काय वेगळं असतं?

आणि वाटेवर सेवा करणारे किती! कोणी पायाच्या फोडांवर मलमपट्टी करतं, कोणी चपला शिवून देतं, कोणी दाढी करून देतं, कोणी पाण्याचा टँकर उभा करतं. हे सगळं सुरळीत होतं, कारण कोणत्या तारखेला कोणती दिंडी कुठे असणार हे सगळ्यांना महिनोन्‌महिने आधी माहीत असतं. सेवा करणारा गरज शोधत हिंडत नाही. मुक्काम ठरलेला, माणूस ठरलेला, काम ठरलेलं. मलमपट्टी करणारा संध्याकाळी निघून गेला तरी पुढच्या मुक्कामावर दुसरा असतोच.

म्हणजे अमेरिकेतले मेथडिस्ट सुतार आणि फलटणच्या पालखीतळावरचे मलमपट्टीवाले एकाच नियमाने चालतात: आधी ठरवणं, मग चाकं फिरवणं.

मिरजेच्या डॉक्टरांनी चाकं उलटी वापरली

चर्चचं सेवाकार्य आणि सांगली हे दोन शब्द एकत्र आले की आमच्याकडच्या कोणालाही मिरजेचं वानलेस हॉस्पिटल आठवणारच. विल्यम वानलेस, जन्म १८६५, कॅनडाचे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडून १८८९ मध्ये ते सांगलीला आले आणि एक लहानसा दवाखाना सुरू केला. मग ते मिरजेला गेले आणि तिथे १८९४ मध्ये हॉस्पिटल उभं राहिलं. १८९७ पासून तिथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झालं. १९२८ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. १९३३ मध्ये ते वारले. सांगली आणि मिरजेच्या मधली वानलेसवाडी आजही त्यांचं नाव चालवते.

त्या काळात मिशनरी मंडळी थंडीत तंबू आणि बैलगाड्या घेऊन गावोगाव दौरे करत. आजच्या भाषेत त्या बैलगाड्या म्हणजे त्यांची आरव्हीच. पण वानलेस ज्यासाठी लक्षात राहिले ते काम गाडीवरचं नव्हतं. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि मिरज जंक्शन झालं. शस्त्रक्रिया, निर्जंतुकीकरण, नंतरची शुश्रूषा या गोष्टी तंबूत नीट होत नाहीत. त्यासाठी भिंती लागतात, आठवडाभर झोपायला खाट लागते, टाके काढायला तोच डॉक्टर जागेवर लागतो. मिरजेत डॉक्टर जागेवर राहिला आणि पेशंट रेल्वेने लांबून लांबून यायला लागले. चाकं होतीच, फक्त त्यांची दिशा उलटी होती.

याचा पुढचा परिणामही बघा. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं तेव्हा शिकवण्यासाठी वानलेस हॉस्पिटलचाच आधार होता. आज मिरज हे दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. ती ओळख एका जागी टिकून राहिलेल्या कामातून आली.

याचा अर्थ फिरतं काम कमी दर्जाचं, असा नाही. लाइफलाइन एक्स्प्रेस ही रेल्वेच्या डब्यांतली फिरती रुग्णालयगाडी १९९१ पासून देशभर फिरते आहे आणि ऑपरेशनं करते आहे. पण ती एका स्टेशनवर काही आठवडे थांबते. ती येण्याआधी आसपासच्या गावांतून पेशंटची तपासणी आणि नोंदणी झालेली असते. म्हणजे चाकांच्या मागेपुढे, त्या त्या गावात, कोणीतरी न हलणारं असतं.

२०१९ ने काय शिकवलं

आता कटू भाग. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला बोट उलटली आणि सुटका होत असलेली माणसं दगावली. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. पाणी ओसरल्यावर आम्हा काही पोरांना एका शाळेत आलेल्या मदतीची नोंद ठेवायला बसवलं होतं.

महाराष्ट्रभरातून गाड्या आल्या. मुंबई, पुणे, नाशिक, मराठवाडा, दुष्काळी गावांतूनसुद्धा. लोकांचं मन मोठं होतं, त्याबद्दल शंकाच नाही. पण आमच्या एक्सेल शीटमध्ये जे दिसत होतं ते असं: जुने कपडे इतके की वर्गाच्या खिडक्या झाकल्या गेल्या. बिस्किटं भरपूर. पाण्याच्या बाटल्या भरपूर. आणि गावातले लोक विचारत होते फावडी, खराटे, जंतुनाशक, गाद्या, जनावरांना चारा, पोरांची पुस्तकं. घराघरांत गुडघाभर गाळ होता. भिजलेली मोटर दुरुस्त करणारा वायरमन मिळत नव्हता. कपड्यांचे ट्रक मात्र येतच होते. ते उतरवायला, निवडायला, आणि शेवटी न वापरण्याजोगे कपडे टाकून द्यायला माणसं लागत होती. ती माणसं गावातलीच, ज्यांच्या स्वतःच्या घरात गाळ होता.

आणखी एक गोष्ट. हायवेला लागून असलेल्या गावांना तीन-तीनदा किट मिळाली. आत, नदीच्या वळणावरच्या वाड्यांना उशिरा मिळाली, कारण बाहेरून आलेल्या ड्रायव्हरला तो रस्ता माहीत नव्हता आणि त्याला रात्रीपर्यंत परतायचं होतं. इथे चुकीचा माणूस कोणी नव्हता. मधला फोन कोणी केला नव्हता, एवढंच.

म्हणून या ग्रुपला माझा पहिला सल्ला: कॅम्पर बुक करण्याआधी यजमान शोधा. सांगली-मिरज भागातल्या एखाद्या मंडळीचे पाळक असतील, वृद्धाश्रम असेल, शाळा असेल, ग्रामपंचायत असेल. त्यांना 'आम्ही काय आणू?' असं विचारू नका. 'आम्ही आठ जण आहोत, आमच्यात एक इलेक्ट्रिशियन, दोन प्रोग्रामर, एक नर्स आहे, आमच्याकडे तीन दिवस आहेत. तुमचं अडलेलं कोणतं काम यात बसतं?' असं विचारा. आणि उत्तर 'सध्या काही नाही' असं आलं तर ते खरं माना.

तीन प्रश्नांची चाळणी

काम फिरत्या ग्रुपला जमणारं आहे का, हे ठरवायला मी तीन प्रश्न वापरतो.

एक: तुम्ही निघायच्या आत काम पूर्ण होतं का? आम्ही शुक्रवारी संध्याकाळी कोड प्रोडक्शनवर टाकत नाही, कारण शनिवारी ते पडलं तर उचलायला कोणी नसतं. सेवेचंही तसंच. वृद्धाश्रमाचं वायरिंग तपासून स्विच बदलणं तीन दिवसांत संपतं. पण मुलांना तीन दिवस शिकवून निघून जाणं संपत नाही, ते फक्त थांबतं. अनाथाश्रमात तर त्याहून जपा. तीन दिवस लळा लावून गायब होणाऱ्या ताई-दादांची त्या मुलांना गरज नसते.

दोन: तुम्ही गेल्यावर ते सांभाळणारं कोण? पाण्याचा फिल्टर बसवलात, तर त्याची मेणबत्ती कोण बदलणार आणि ती कुठल्या दुकानात मिळते? डोळे तपासणी शिबिर घेतलंत, मोतीबिंदू सापडला, तर पुढचं ऑपरेशन कोणत्या दवाखान्यात आणि कोणाच्या खर्चाने? याचं उत्तर नसेल तर त्या म्हाताऱ्या माणसाला आपण फक्त वाईट बातमी देऊन निघालो.

तीन: हे काम गावातला कोणी मजुरीवर करत नाही ना? भिंत रंगवायला आठ हौशी लोक पुण्याहून आले आणि गावातल्या रंगाऱ्याचा आठवडा बुडाला, तर ती सेवा महाग पडली. अशा वेळी रंगाचे आणि त्याच्या मजुरीचे पैसे द्या, आणि हवं तर त्याच्या हाताखाली काम करा.

एक काम जे या चाळणीतून पार पडतं

हिवाळ्यात सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर गाडी चालवली असेल तर ऊस दिसलाच असेल. बीड, अहिल्यानगर आणि आणखी कुठून कुठून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमाराला येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत राहतात. शेताच्या कडेला कोपी बांधून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक 'कोयता', पहाटे अंधारात कामाला लागते. पोरंबाळं सोबत. हेही चाकांवरचंच घर, फक्त ते कोणी हौसेने घेतलेलं नाही. एकाच रस्त्यावर एक कॅम्पर आणि एक उसाची बैलगाडी शेजारून जाते तेव्हा हे डोळ्यांसमोर असू द्यावं.

या गाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रीही रस्त्यावर असतात. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर मळलेला असतो. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक मारायला अंतर उरलेलं नसतं. गाडीवान, बैल आणि मोटरसायकलवाला, तिघांच्याही जिवाशी खेळ.

हिशेब करून बघा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. धोका लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा, तिथेच २५ मीटर गेले. पुढे गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावरही आणखी २०-२५ मीटर. म्हणजे ५० मीटरच्या आत दिसलेली ट्रॉली ही उशिरा दिसलेली ट्रॉली. मोटरसायकलच्या डिपर दिव्यात न चमकणारी वस्तू तेवढ्या लांबून दिसेलच असं नाही. चांगली रिफ्लेक्टिव्ह टेप त्याच्या कितीतरी आधी चमकते.

म्हणून काम असं: मागे लाल, पुढे पांढरी, बाजूंना पिवळी टेप लावायची. कारखान्याच्या आवारात गाड्या नंबरला उभ्या असतात, तिथे एका संध्याकाळी बरंच काम उरकतं. फक्त दोन बारकावे आहेत. टेप लावण्याआधी धूळ आणि तेल पुसून लोखंड कोरडं करा, नाहीतर ती चार दिवसांत सुटेल. दुसरं, भरलेल्या उसाचं वाढं मागे लोंबतं आणि फळीवरची टेप झाकली जाते. त्यामुळे टेप शिवलेली कापडी पट्टी किंवा छोटी पाटी दोरीने मालाच्या मागे टांगता येईल अशी द्या. भरताना काढायची, निघताना अडकवायची.

परवानगीसाठी कारखान्याच्या शेती विभागाला आधी फोन करा. वाहनांची नोंद त्यांच्याकडे असते. प्रत्यक्ष टोळीपर्यंत पोचायचं तर चिटबॉय आणि मुकादम यांना सोबत घ्या. दुपारी ऊसतोडीच्या ऐन घाईत मोबाइल घेऊन फडात शिरू नका. त्यांची मजुरी टनावर असते, तुमच्या फोटोत त्यांचा वेळ जातो.

चाळणी लावा: काम एका हंगामापुरतं पूर्ण होतं, सांभाळायला गाडीवान आहे, कोणाची मजुरी जात नाही. पार!

आता गाडीचं गणित

इंजिनिअर असल्याने हा भाग मला टाळता येत नाही.

वीज. छोटा फ्रिज ४५ वॅटचा, निम्मा वेळ चालू धरला तर दिवसाला ५४० वॅट-तास. दोन पंखे आठ तास, ३२०. दिवे १००. मोबाइल-लॅपटॉप १५०. एकूण सुमारे १,१०० वॅट-तास. छतावर २०० वॅटचं सोलर असेल तर हिवाळ्यात पाच तासांचं चांगलं ऊन धरून आणि नुकसान वजा करून हाती येतात साधारण ७००. म्हणजे रोजची तूट ४००. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी असेल तर चार-साडेचार दिवस निघतात. जानेवारीत रात्री पंखा लागत नाही, मग तूट जवळजवळ संपतेच. एसी मात्र बॅटरीवर विसरा. एका रात्रीत तो पाच-सहा युनिट खातो. त्याला यजमानाचा १६ अँपिअरचा प्लग लागतो. लावलात तर मीटरचं रीडिंग आधी आणि नंतर लिहून ठेवा आणि पैसे द्या. ते नको म्हणाले तरी द्या.

पाणी. काटकसरीने माणशी २५ लिटर, म्हणजे चौघांना रोज १०० लिटर. १०० लिटर म्हणजे १०० किलो, पसरणी घाट चढताना हे वजन जाणवतं. टाकी कुठे भरता ते बघा. माण, खटाव, जत, आटपाडी हे दुष्काळी तालुके. जानेवारीत ठीक आहे, पण एप्रिल-मे मध्ये जिथे गाव टँकरवर आहे तिथे नळाखाली पाइप लावून टाकी भरू नका.

संडास. १५-२० लिटरची कॅसेट चौघांत दोन-तीन दिवसांत भरते. ती सेप्टिक टँकला जोडलेल्या संडासातच रिकामी करायची आणि तेही यजमानाला विचारून. आपल्याकडे अमेरिकेसारखी जागोजागी सोय नाही, म्हणून ही जागा निघण्याआधी ठरलेली हवी. कृष्णा, वेण्णा, कोयना यांच्या काठावर तर नाहीच नाही. वाईच्या घाटावर लोक आंघोळ करतात आणि खालच्या गावांना तेच पाणी जातं.

कागदपत्रं. गाडी आरसी बुकात मोटर कॅरॅव्हॅन म्हणूनच नोंदलेली आहे का, ते बघा. कोणी जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग ठोकून 'कॅम्पर' म्हणून देत असेल आणि तो बदल आरटीओत नोंदलेला नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी वाद घालणार. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलंय, पण रस्त्याकडेला कुठेही रात्र काढायचा परवाना त्याने मिळत नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पठारावर गाडी चढवून चूल पेटवायची ही जागा नव्हे.

सहा दिवस कसे लावाल

माझे तीन बदल.

पहिला, नाताळ ते ३१ डिसेंबर टाळा. त्या आठवड्यात महाबळेश्वरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग असते आणि ज्या पाळकांना तुम्ही यजमान म्हणून धराल ते स्वतः वर्षातल्या सगळ्यात मोठ्या गडबडीत असतात. २ जानेवारीला निघा. ऊस हंगाम तेव्हाही जोरात असतो.

दुसरा, आधी काम, मग महाबळेश्वर. उलट केलंत तर घाटात एक दिवस गेला की तो सेवेतून कापला जाणार, हे लिहून ठेवा. पहिल्या दिवशी हायवेने थेट खाली या. खंबाटकी, सातारा, कराड, मग पेठ नाक्यावरून सांगली. कराडला प्रीतिसंगमावर अर्धा तास थांबा, कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात ते बघण्यासारखं आहे.

तिसरा, कामाचे दिवसही सगळे कामाचे ठेवू नका. नोमॅड्सवाले सहाच तास काम करतात त्यामागे शहाणपण आहे. दमलेला स्वयंसेवक शिडीवरून पडतो आणि मग यजमान दवाखान्यात धावतो. सकाळी वृद्धाश्रमाचं वायरिंग, दुपारी मिरजेत सतारमेकरांची दुकानं, संध्याकाळी कारखान्यावर टेप. दुसऱ्या दिवशी दुपारी सागरेश्वर अभयारण्य. उजाड डोंगरावर माणसांनी लावून वाढवलेलं हे जंगल आहे, धों. म. मोहिते या एका माणसाच्या चिकाटीतून उभं राहिलेलं. खालीच देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत यजमानासोबत बसून केलेल्या कामाची यादी, वापरलेल्या मालाच्या पावत्या आणि राहिलेलं काम लिहून द्या. आमच्या भाषेत हँडओव्हर. मग वाई, मेणवली, पाचगणी, आणि परत पुणे.

शेवटचं, थोडं नाजूक

ग्रुप चर्चचा आहे म्हणून हे बोलायला हवं. श्रद्धेतून सेवा करणं यात लपवण्यासारखं काही नाही, वारीतही तेच असतं. पण टेप, गोळ्या किंवा ब्लँकेट यांच्यासोबत पत्रक दिलं, प्रार्थनेला बसायची अपेक्षा ठेवली, तर घेणारा 'नको' म्हणू शकत नाही, कारण त्याला वस्तू हवी असते. रेड क्रॉस आणि इतर संस्थांनी १९९४ मध्ये आपत्तीतल्या मदतीसाठी आचारसंहिता केली, तिच्यात हे स्पष्ट आहे: मदतीचा वापर राजकीय किंवा धार्मिक मत पुढे करण्यासाठी करायचा नाही. काम करा, कोणी विचारलं तर कुठून आलात ते मोकळेपणाने सांगा. रविवारची उपासना यजमान मंडळीसोबत करा. दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की गावही निवांत आणि तुम्हीही. सोबत परदेशी पाहुणे येणार असतील तर त्यांच्या व्हिसावर कोणतं काम चालतं तेही आधी वाचा.

तर मित्रांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत: काम मी सुचवणार नाही, तुमचा यजमान सुचवेल. मी फक्त फोनवर काय विचारायचं ते सांगितलं. आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाणार असाल तर त्याच यजमानाकडे जा. दरवर्षी नवीन गाव शोधण्यापेक्षा त्याच वृद्धाश्रमाचा तोच बोर्ड दुसऱ्यांदा तपासणारा वायरमन जास्त कामाचा.

ऊस वाहतुकीत असलेल्या, किंवा अशा पाहुण्यांचं यजमानपद केलेल्या श्रोत्यांनी आपला अनुभव जरूर पाठवावा. विशेषतः मागे टांगायची पट्टी कोणत्या कापडाची टिकते ते मला हवंय. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत रात्री उसाच्या ट्रॉलीमागे अंतर ठेवा.